लघु म्हणजे लहान डबी नव्हे

श्रीरामपूर परिसरातील वैद्यमंडळी एकत्र जमली की अलीकडे एक तक्रार हमखास निघते. चिकित्सापत्र हाती पडताच रुग्ण भ्रमणध्वनी बाहेर काढतो, औषधाचे नाव उच्चारतो, पाच-सहा कंपन्यांच्या किमती शेजारी शेजारी लावतो आणि "डॉक्टरसाहेब, हेच तिकडे स्वस्त आहे" असे आपल्यालाच ऐकवतो. औषधविक्रेत्यांची तक्रार याहून तिखट आहे. गिऱ्हाईक दुकानात येते, डबी हातात घेऊन तिचे छायाचित्र काढते आणि ती फळीवर परत ठेवून निघून जाते. या तक्रारींत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांचा सगळा रोख रुग्णावर असतो, तो आम्हांस मान्य नाही. का, हे सांगण्यासाठी आमच्याच दवाखान्यात घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे.

तालुक्यातील एक कांदा उत्पादक शेतकरी अम्लपित्तासाठी आमच्याकडे येत असत. घशाशी जळजळ, उन्हात डोके धरणे, अशी नित्याची लक्षणे. आम्ही त्यांना लघुसूतशेखर दिले. पहिल्या पंधरवड्याच्या गोळ्या दवाखान्यातून दिल्या आणि पुढच्यासाठी कागदावर, आपल्या सर्वांच्या सवयीप्रमाणे, आद्याक्षरांत दोन शब्द खरडले. ते पुन्हा आले ते थेट अडीच महिन्यांनी. जळजळ बरीच कमी होती. मात्र तोंडाला सतत कोरड, जवळचे अक्षर धूसर दिसते आणि मधूनच घाबरल्यासारखे होते, अशी नवी तक्रार होती. औषध चालू आहे का, असे विचारता त्यांनी पिशवीतून डबी काढून आमच्यापुढे ठेवली. ती लघुसूतशेखराची नव्हती, सूतशेखर रसाची होती.

खुलासा त्यांनीच केला, आणि तो ऐकून आम्हांस त्यांचा राग येणे शक्य नव्हते. फोनवर नाव उच्चारल्यावर पडद्यावर तीन नावे एकाखाली एक आली: लघुसूतशेखर, सूतशेखर, सुवर्णयुक्त सूतशेखर. त्यांची समजूत अशी झाली की औषध एकच. लघु म्हणजे लहान डबी, नुसते नाव म्हणजे नेहमीची डबी आणि सुवर्णयुक्त म्हणजे श्रीमंतांची. लहान डबी वारंवार मागवण्यापेक्षा मोठी परवडते, हा हिशेब कोणताही संसारी माणूस करील. गोळ्या हाताशी भरपूर असल्याने दोनाच्या चार कधी झाल्या, हेही त्यांना नीट आठवत नव्हते.

वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही, तरी विषयाच्या ओघात सांगतो. लघुसूतशेखर म्हणजे सुवर्णगैरिक आणि सुंठ, त्यांस नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना. योगरत्नाकरातील सूतशेखरात पारद-गंधकाची कज्जली आहे, ताम्रभस्म आहे, शुद्ध वत्सनाभ आहे, शुद्ध धत्तूरबीज आहे. नावातील साम्य सोडले तर ही दोन औषधे एका पंक्तीला बसणारी नव्हेत. त्या गृहस्थांची कोरड धोत्र्यामुळेच होती असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांचे वय आहे, साखर वरच्या सीमेवर आहे. गोळ्या बंद केल्यावर आठवड्याभरात तक्रार निवळली, इतके खरे.

आता याच गृहस्थांची दुसरी बाजू पाहा. कांदा बाजारात नेण्यापूर्वी ते रोज सकाळी फोनवर श्रीरामपूर, राहुरी, लासलगाव यांचे भाव पाहतात. नुसत्या भावाच्या आकड्यावर ते ट्रॅक्टर जुंपत नाहीत. भाव एक नंबरचा की गोल्टीचा, माल मोकळा की गोणीतला, आवक किती, वाहतुकीला किती जातील, हे सारे ते मनातल्या मनात मांडतात. म्हणजे तुलना कशी करावी हे त्यांना शिकवण्याची पात्रता आमच्यात नाही. त्यांनीच आम्हांला शिकवावे. कांद्याची प्रत त्यांना ठाऊक असते. औषधाची प्रत त्यांना कोणी सांगितलेलीच नसते, म्हणून जे पडद्यावर दिसते त्यावर ते तोलतात. दिसते काय? किंमत, डबीचे चित्र आणि चांदण्या.

या चांदण्यांविषयी थोडे. औषध हाती पडल्यानंतर दोन-तीन दिवसांत विकत घेणाऱ्याला अभिप्राय विचारला जातो. त्याने तो द्यावा तरी कशावर? वेष्टन चांगले होते, डबी फुटली नव्हती, माल वेळेवर आला. पाच चांदण्या मिळतात त्या बहुधा पोचवणाऱ्या मुलाला, आणि त्या झळकतात औषधाच्या नावापुढे. पुन्हा यादीत वर येणारे नाव पुष्कळदा पैसे भरून वर आणलेले असते. बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेले असते खरे, पण ते पाहायला नजर तयार असावी लागते. भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढले. ते ऐच्छिक स्वरूपात आले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार यादीतील क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, हे ग्राहकास सांगणे बंधनकारक आहे. आमच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी तो खुलासा शोधून वाचलेला एकही जण अद्याप आम्हांस भेटलेला नाही. आम्ही स्वतः हा लेख लिहावयास घेईपर्यंत वाचला नव्हता.

औषधांपुरता कायदा याहून स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई-1 मध्ये वत्सनाभ, धत्तूर, कुचला, भल्लातक, जयपाल आदी विषद्रव्यांची यादी आहे. ती द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशा अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. (मराठीत नाही, हे जाता जाता नोंदवतो.) आयुष मंत्रालयाने 2016 मध्ये अशी औषधे वैद्याच्या सल्ल्यावाचून ऑनलाइन मागवू नयेत असे जाहीर केले. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री मंचांना सूचना दिली की, नोंदणीकृत वैद्याचे चिकित्सापत्र घेतल्यावाचून त्यांची विक्री होऊ नये. आमच्या शेतकरी मित्राला चिकित्सापत्र कोणी मागितले नाही. डबीची जी बाजू चित्रात दाखवली होती, तिच्यावर ती सूचना नव्हती. ती मागच्या बाजूस होती.

इथवर बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे गेले. परंतु चिकित्सापत्र न मागण्याचा दोष केवळ ऑनलाइन विक्रेत्यांचा आहे काय? "त्रिभुवनकीर्ती द्या, ताप आलाय" असे म्हणत आलेल्याला आपल्या किती दुकानांतून कागद विचारला जातो? हिंगूळ आणि वत्सनाभ असलेली ती गोळी पेपरमिंटच्या वडीसारखी काऊंटरवरून पुढे सरकते. आयुर्वेदीय औषधाच्या निर्मितीला परवाना लागतो, किरकोळ विक्रीला ॲलोपॅथीच्या दुकानासारखा विक्री परवाना लागत नाही. या मोकळिकीचा लाभ आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. ऑनलाइन विक्रेत्याने तोच लाभ घाऊक प्रमाणात घेतला, एवढेच.

आणि वैद्यांचे काय? आपण पुडी देतो. तिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, कधी बांधली त्याची तारीख नाही. रुग्णाने विचारले तर "तुम्हांला नाव घेऊन काय करायचे, गुण आल्याशी मतलब" हे उत्तर आमच्या तोंडूनही गेलेले आहे. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत रुग्णाचाही समावेश केला आणि त्याच्या गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे स्वतःचा विकार वैद्यास नीट सांगता येणे, हा गुण मोजला. आपल्या पोटात काय गेले हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने सांगावे काय? आपल्याच जिल्ह्यातील वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधींच्या गुणधर्मांवर मराठीत ग्रंथ लिहिला, त्या ग्रंथावर आपल्यापैकी अनेकांची प्रॅक्टिस उभी राहिली. एक कल्प दुसऱ्याहून कोठे वेगळा, कोणत्या दोषावस्थेत कोणता, ही तुलना मराठी भाषेत करता येते याचा तो ढळढळीत पुरावा आपल्या कपाटात आहे. कपाटाबाहेर मात्र आपण आद्याक्षरे लिहितो.

त्या प्रसंगानंतर आम्ही औषधाचे पूर्ण नाव देवनागरीत लिहू लागलो. त्याखाली मात्रा, अनुपान, किती दिवस, आणि कोणत्या तारखेस थांबवून दाखवावयास यावे ते. नामसाधर्म्य असलेल्या औषधाखाली एक ओळ जास्त असते: 'साधे योगराज, महायोगराज नव्हे', 'लघुसूतशेखर, सूतशेखर नव्हे'. पुडी द्यावी लागली तर तिच्यावरही नाव व तारीख. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी यावर इशारा दिला की नाव कळले की रुग्ण परस्पर औषध मागवील आणि पुन्हा पायरी चढणार नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे ठरले नाही. काही रुग्ण खरोखरच परत आले नाहीत, आणि दवाखान्यातील औषधविक्रीचे उत्पन्न घटले आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. जे येतात ते मात्र डबी घेऊन येतात, मागची बाजू दाखवतात, आणि दोन कंपन्यांत फरक काय असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ लागतो. दर वेळी ते आम्हांस देता येते असेही नाही.

दुकानदार मित्रांना आमची विनंती एवढीच, की किमतीच्या शर्यतीत उतरू नका. तेथे तुम्ही हरणार हे तुम्हांस ठाऊक आहे. ई-1 मधील औषधांची फळी वेगळी करा, तिच्यावर मराठीत ठळक पाटी लावा आणि कागद विचारा. फोटो काढून निघालेल्या गिऱ्हाइकाला रागाने पाहण्याऐवजी डबी उलटी करून मागच्या बाजूचाही फोटो काढू द्या.

संघटनेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. नामसाधर्म्यामुळे घोळ होतो अशा वीस कल्पांची एक मराठी पत्रिका काढावी, प्रत्येकी चार ओळींची, दवाखान्यात व दुकानात टांगता येईल अशी. सूतशेखराची तिन्ही रूपे, दोन्ही योगराज आणि दोन-तीन आसवे यांचा मसुदा आम्ही तयार केला आहे. त्रिभुवनकीर्तीपाशी अडलो आहोत. वत्सनाभाचे नाव घ्यावे तर घाबरून रुग्ण आवश्यक तेव्हाही औषध घेणार नाही, न घ्यावे तर पत्रिका कशासाठी? ज्या बंधू-भगिनींना या चार ओळी साधतील त्यांनी त्या पुढील अंकापूर्वी संपादकांकडे पाठवाव्यात.