धुराचे बिल कोणाच्या नावावर?

महिन्याचे विजेचे बिल आले की विरारच्या मनवेलपाड्यात घरोघरी एकच प्रश्न असतो : एवढे युनिट झाले कसे? बिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, वीज शुल्क असते. वीज तयार करताना आकाशात गेलेल्या धुराची किंमत मात्र नसते. ती आपण वेगळ्या खात्यात भरतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, लोकल बंद पडल्या, तळमजल्यांवर पाणी शिरले. त्यात नाल्यांचा आणि भरावाचाही दोष आहेच; पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि पाऊस एकदमच कोसळतो, हेही खरे.

हा धूर रोखता येतो का? एक धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. त्याने तिथल्या ५०० मेगावॉटच्या वीज केंद्राला धुरातले गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. आदेश १९९९ चा, यंत्रणा सुरू झाली २००७ मध्ये. उशीर झाला, पण नियमामागे चिकाटी असली की तो पाळला जातो, हे दिसले.

कार्बन डायऑक्साइड मात्र असा सहज गाळता येत नाही. टनभर कोळशातून दीड-दोन टन वायू हवेत जातो. तिथे नियमाच्या जोडीला किंमत हवी. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेसाठीचा हा पैसा २०१७ मध्ये जीएसटीच्या भरपाईकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकरही गेला. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी वाढला, पण तो धुराच्या मापाने नाही. २०२३ च्या कार्बन बाजार योजनेत मर्यादेपेक्षा कमी धूर सोडणाऱ्या कारखान्याने प्रमाणपत्रे विकायची, जास्त सोडणाऱ्याने ती घ्यायची. त्यात सिमेंट आहे, अॅल्युमिनियम आहे. सर्वाधिक कोळसा जाळणारी वीज केंद्रे मात्र नाहीत. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा!

वीज महागेल, ही भीती रास्त आहे. म्हणून धुरावर जमलेला पैसा छोट्या ग्राहकाच्या पहिल्या शंभर युनिटांवर सूट म्हणून परत द्यावा. जो कमी जाळतो, त्याला कमी भार.

बिल आपण आजही भरतोच आहोत. फक्त ते पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यात उभे राहून.