दोन बेटं पुरेत

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी येते. अंबाडीच्या आसपास राब भाजून बसलेले शेतकरी ती ऐकून बियाण्याच्या तयारीला लागतात. माझ्या दुकानात मात्र त्याच सुमारास कुणीतरी तोंड पाडून येतं, ‘‘ताई, आपलं अंदमानचं बुकिंग पंचवीस तारखेचं आहे ना?’’ जी बातमी आपण लहानपणापासून दर वर्षी ऐकत आलो, ती सहलीच्या तारखा ठरवताना एकालाही आठवत नाही.

अंबाडी नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, लाइट बिल, शाळा-कॉलेजचे फॉर्म आणि अलीकडे विमानाची तिकिटं. भिवंडीची गोदामं सरकत सरकत आमच्या बाजूला आली, काही घरांत जमिनीचं भाडं येऊ लागलं. शिक्षक, बँकेतले, कंपनीत कायम झालेली मुलं आहेतच. गोवा झालं, मनाली झाली, केरळ झालं, आता अंदमान. गिऱ्हाईक येतं तेच छापील कार्यक्रम हातात घेऊन. सहा रात्री, सात दिवस : सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, एलिफंट बीच, जाता जाता नील, मग बाराटांग. खाली ठळक अक्षरांत ‘सर्व पॉइंट समाविष्ट’. हा कार्यक्रम मी नीट वाचते तेव्हा मला त्यात बेटांपेक्षा धक्केच जास्त दिसतात.

माझं कमिशन तिकिटांवर आहे. जितक्या बोटी जास्त, तितकं माझं बरं. तरीही समोर बसलेल्याला मी सांगते, पोर्ट ब्लेअर सोडून दोन बेटं पुरेत, बाकीचं खोडा. बरोबर सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर एकच ठेवा. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, ‘‘एवढा खर्च करून जायचं आणि नुसतं बसून राहायचं?’’ आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

अंदमान-निकोबारमध्ये बेटं, बेटुकली आणि खडक मिळून ८३६ आहेत. त्यांतली कायम वस्तीची तीसेक. म्हणजे कितीही धावलात तरी ‘अख्खं अंदमान’ कुणाचंच होत नाही. यादी अपुरीच राहणार असेल, तर ती सात नावांवर अपुरी राहिली काय आणि दोनांवर काय.

आता वेळेचा हिशेब. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून त्याचं सरकारी नाव श्री विजयपुरम) ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड-दोन तास. कागदावर हे तेवढंच दिसतं. पण त्याआधी बॅगा भरा, खोली सोडा, टॅक्सीने धक्क्यावर या, तासभर आधी हजर राहा, सामान तपासून घ्या, ओळखपत्रं दाखवा. उतरल्यावर पुन्हा टॅक्सी, आणि खोली मिळेपर्यंत हॉटेलच्या दारात बॅगांवर बसणं. एका बोटीला अर्धा दिवस जातो. एवढ्या धावपळीत नीलला ‘जाता जाता’ उतरायचं, तर दुपारचं ऊन आणि नारळपाणी एवढंच पदरात पडतं.

त्यात सूर्य. मुंबई ७३ रेखांशाच्या जवळ आहे, पोर्ट ब्लेअर ९३ च्या. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ८० मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडालेला असतो. ‘दुपारी जेवणानंतर समुद्रकिनारा’ असं छापलेलं वाचून आपण अंबाडीतली दुपार डोळ्यांपुढे आणतो. तिथे ती दोन तासांत संपते. हॅवलॉकचा राधानगर किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. पण पोर्ट ब्लेअरहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला तिथला सूर्यास्त भेटत नाही, कारण परतीची शेवटची बोट गाठायला त्याला आधीच निघावं लागतं. ज्यासाठी गेलो तेच सोडून यायचं, ही कसली सहल?

आम्ही स्वतः अंदमानला गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्यामुळे नीलवर आम्ही मुक्काम केला आणि एक आख्खा दिवस काहीच ठरवलं नव्हतं. नीलचं सरकारी नाव आता शहीद द्वीप. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवलं गेलं, म्हणून किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाणारी भाजी हे बेट पिकवतं. सासूबाई सकाळी उठून एकट्याच रस्त्याने निघाल्या आणि दोन तासांनी सापडल्या त्या एका बंगाली आजींच्या पडवळाच्या मांडवाखाली. दोघींची हिंदी सारखीच मोडकी. लावणी कधी करता, गुरं किती, सून काम करते का, सगळी चौकशी झाली होती. परतताना मांडवावरची पडवळं पदरात. सासूबाईंना आज अंदमान विचारा, जेलनंतर त्या हेच सांगतात. हा प्रसंग कुठल्याही कार्यक्रमात छापता येणार नाही. पण त्यासाठी लागणारी मोकळी सकाळ छापता येते.

आम्हा अंबाडीकरांना हे खरं तर आधी कळायला हवं. आमच्या नाक्यावरून दर रविवारी मुंबईच्या गाड्या जातात. अकलोलीच्या गरम कुंडात बुडी, वज्रेश्वरीचं दर्शन, गणेशपुरीत नित्यानंदबाबांची समाधी, परतताना नाक्यावर चहा-वडापाव. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयासाठी बोललेल्या नवसाचं हे वज्रेश्वरीचं देऊळ. कोटासारख्या त्या देवळाच्या पायऱ्या चढताना ही गोष्ट विचारायलाही कुणी थांबत नाही. ‘‘इकडे अजून बघण्यासारखं काय आहे?’’ असं विचारतात आणि तानसा नदीचं नाव तोंडातून निघेपर्यंत गाडी सुरू झालेली असते. आपण त्यांना हसतो. आणि विमानात बसलो की तेच करतो.

मराठी माणूस अंदमानला जातो तो मुळात सेल्युलर जेलसाठी, आणि ते योग्यच आहे. पण कार्यक्रमात त्याला मिळतो तास-सव्वा तास, पोहोचल्याच दिवशी, विमानाच्या जागरणात. १८९६ ते १९०६ या काळात हा तुरुंग बांधला. मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या सात लांब इमारती, त्यांतल्या आज तीन उभ्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसायला नको. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, थोरले बंधू बाबारावही इथेच. सावरकरांच्या कोठडीसमोर फोटोची रांग लागते आणि मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांपुढे कुणी नसतं. त्या पाट्यांवर प्रांतवार नावं कोरली आहेत. बंगालची यादी संपता संपत नाही, पंजाबची तशीच. ती नावं सावकाश वाचली तरच कळतं की आपण एका माणसाच्या नाही, एका पिढीच्या तुरुंगात उभे आहोत. जाण्याआधी सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ घरात सगळ्यांनी वाचा, जेल सकाळी उघडल्या उघडल्या गाठा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम तेवढा चालेल.

आता बाराटांग. हे नाव मी यादीतून सर्वांत आधी खोडते, आणि वेळेपुरतं नाही. चुनखडीच्या गुहा बघायला लोकांना पहाटे तीनला उठवून नेतात, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळी सुटतो. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जारवा उरलेत काही शे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या भागातून जाणारा हा रस्ता बंद करायचा आदेश दिला होता, तरी ताफे चालूच राहिले. २०१२ च्या जानेवारीत जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि जगभर संताप झाला. त्यांचा फोटो काढणं गुन्हा आहे. तरी परत आलेलं गिऱ्हाईक मला पहिलं काय सांगतं? ‘‘जारवा दिसले हो, दोन!’’ गुहा राहतात बाजूला. आमच्या अंबाडीच्या चहूबाजूंना वारली, कातकरी, मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत. त्यांच्या अंगणाकडे काचेआडून बोट दाखवत रोज गाड्यांची रांग गेली असती, तर ती आपण चालू दिली असती का? जे इथे चालणार नाही, ते तिकीट काढून तिथे का करायचं?

खोडून झाल्यावर जो मोकळा वेळ उरतो तो भरायचा कसा, याला पंचांग पुरे. समुद्राचा दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो, हे वसईच्या कोळ्याला सांगावं लागत नाही. नीलचा नैसर्गिक खडकांचा पूल ओहोटीलाच गाठता येतो. त्याच्या वाटेवरच्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, प्रवाळ दिसतं तेही ओहोटीलाच. गटाची गाडी तुम्हाला तिथे ‘सकाळी दहाला’ नेणार, मग पाणी गुडघ्यापर्यंत का असेना. मुक्काम असेल तर स्थानिक माणसाला विचारून आपण आपली वेळ धरतो, आणि दुसऱ्या दिवशी ती साधारण पाऊण तास पुढे गेलेली असते. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून ओहोटीही लांबवर. मी तर तारीख अमावास्येच्या आसपासची सुचवते. अंधाऱ्या रात्री हॅवलॉकच्या पाण्यात हात फिरवला की सूक्ष्म जीव निळे चमकतात, ते चांदण्यात नीट दिसत नाहीत. ‘अमावास्येला प्रवास नको’ म्हणणारे घरोघरी आहेत. त्यांना सांगावं, निघायचं आधी, अमावास्या तिथे गाठायची.

महिन्याचंही तसंच. दिवाळीची सुट्टी सोयीची, पण तिथे ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो आणि त्याच महिन्यांत आसपासच्या समुद्रात वादळं उठतात. २०१६ च्या डिसेंबरात अशाच वादळात चौदाशेच्या आसपास पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले, नौदलाला जहाजं पाठवावी लागली. समुद्र खवळला की बोट रद्द होते, तिथे कुणाची ओळख चालत नाही. म्हणून विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच असावं, हा माझा न मोडणारा नियम. जानेवारी ते एप्रिलचा पूर्वार्ध उत्तम. मुलांच्या परीक्षा आड येत असतील, तर मेचा पहिला आठवडा. शेवटचा नको.

खर्चाचं म्हणाल, तर दोन बेटांची सहल महाग पडत नाही. बाराटांगची गाडी, नॉर्थ बेची बोट, एलिफंट बीचवर रांगेत उभं राहून टायरला धरून केलेली काही मिनिटांची प्रवाळदर्शनं यांचे पैसे वाचतात, त्यात एक जादा रात्र निघते. ती रात्र खोलीवर घालवा, गिऱ्हाइकाला हे पटवताना मात्र घाम निघतो. आपल्याला फिरणं म्हणजे वसुली वाटते. दिलेल्या पैशाचे पॉइंट मोजून घ्यायचे. शेजारच्याला सात सांगता आले आणि आपल्याला दोनच, तर फसल्यासारखं होतं.

ही सवय एकट्या गिऱ्हाइकाची नाही. सहलीचे कार्यक्रम छापणारेही ती पोसतात, आणि आम्ही नाक्यावरचे दुकानदार ते पुढे सरकवतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक दिवसाच्या खाली पॉइंटची नावं छापता, तसेच त्या दिवशी गाडीत, बोटीत आणि रांगेत जाणारे तास छापा. तिसऱ्या दिवशी आठ तास प्रवास आणि किनाऱ्यावर दीड तास, असं आकड्यांत लिहा. तुम्ही छापत नसाल, तर माझ्या दुकानात मी ते पेनाने लिहून देते, पैसे घेण्याआधी. आकडे वाचूनही कुणाला सातच्या सात पॉइंट हवे असतील तर खुशाल जावं, तिकिटं मीच काढून देईन. पण बहुतेक जण तो कागद एकदा बायकोकडे, एकदा आईकडे सरकवतात आणि म्हणतात, ‘‘ताई, बाराटांग आणि नॉर्थ बे काढा. नीलला एक रात्र वाढवा.’’