घड विरळणारीचे मत कुठे आहे?

वणी ज्या दिंडोरी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी उभी आहे. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्याला घेता येत नाहीत. म्हणून 2022 मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्या उपकंपनीत 310 कोटी रुपये घातले. कौतुकच आहे.

पण प्रश्न सगळ्याच कंपन्यांना आहे. मोठा पैसा आला की संचालक मंडळात त्याची खुर्ची येते. कोणते वाण, कोणते यंत्र, कशावर संशोधन, हे खुर्च्या ठरवतात. पेटी लवकर भरणारे यंत्र त्यांना दिसते. दिवसभर हात वर करून घड विरळणाऱ्या बाईची मान दिसत नाही.

उत्पादक कंपनीचा कायदा सातबारा मागत नाही. शेतमालाशी संबंधित काम करणारी कोणीही व्यक्ती ‘उत्पादक’, आणि व्यक्ती-सभासदाला मत एकच. मग शेअरच्या कागदावर सातबारावाल्याचेच नाव का? बागायतदाराची बायको, सुरगाणा-पेठहून येणारी मजूर बाई उत्पादक नाहीत?

1986 मध्ये चांदवडला शेतकरी बाया हजारोंनी जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत कितीतरी जणींचे नाव जमिनीला लागले. आता शेअर मागा, मत मागा, खुर्ची मागा. बागेतले नवे यंत्र आपल्याला विचारूनच आले पाहिजे!