पिशवीवरचे हिरवे पान

बाजारात सध्या हिरव्या पानाला मोठा भाव आला आहे. फिनाइलची बाटली असो, कपड्याचा साबण असो की कचऱ्याच्या थैल्यांचे बंडल, वर एक पान छापायचे, खाली 'इको-फ्रेंडली' लिहायचे, की माल खपतो. पान छापायला खर्च तो काय!

सर्वांत मोठा घोळ त्या रंगीत पिशवीचा आहे, जिला गिऱ्हाईक 'कापडी पिशवी' म्हणते. आमची हयात कापडात गेली. कापड म्हणजे ताणा आणि बाणा. या पिशवीत दोन्ही नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लॅस्टिकचेच तंतू उष्णतेने दाबून ती तयार होते. 'नॉन-वोव्हन' याचा अर्थच न विणलेले. कोपऱ्याचा तुकडा कापून जाळून पाहा. सुती असेल तर जळत्या कागदाचा वास येतो आणि राख उरते. ही वितळते आणि तिचा कडक मणी होतो. मालेगाव-भिवंडीच्या माणसाला हे सांगायला नको, पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा मांजरपाटाच्या पिशव्यांना बरे दिवस येतील असे वाटले होते. लूमला काम, घरी मशीनवर बसणाऱ्या बायांना काम. त्यातला मोठा घास या नकली कापडाने खाल्ला.

शिवाय बंदीचा दंड पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 रुपये आणि तीन महिने कैद. केंद्राच्या नियमानुसार 30 सप्टेंबर 2021 पासून चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा हलकी नॉन-वोव्हन पिशवी चालत नाही. आता किराणावाला ग्रॅम मोजत बसेल काय? तो छापलेल्या शब्दावर भरवसा ठेवतो. पथक येते ते त्याच्या गल्ल्यावर. छापणारा कारखानदार दूर कुठे तरी.

'कंपोस्टेबल' लिहिलेल्या थैलीचेही तेच. तिची कसोटी 58 अंशांच्या आसपास ऊब असलेल्या खताच्या ढिगात घेतात. गटारीत पडली तर ती तशीच कुजेल याची हमी तो शब्द देत नाही. आणि बाटलीच्या तळाशी तीन बाणांचा त्रिकोण व आत आकडा असतो, तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. लोक त्यालाही पर्यावरणाचे प्रशस्तिपत्र समजतात.

त्यातून भाषा! वेष्टनावरचा सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की कायद्याला पुरतो. मराठी ऐच्छिक. म्हणून पान मोठे, आणि कामाचा मजकूर मुंगीएवढ्या इंग्रजीत.

सरकारने 1991 साली मातीच्या माठाचे चिन्ह असलेली इकोमार्क योजना काढली. 2024 साली तिचे नवे नियम आले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पुराव्याशिवाय 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' म्हणण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वेही आली. कागद भरपूर झाले. आमच्या गल्लीत मात्र माठ दिसत नाही, पानच दिसते.

मालातला ऐब दाखवून सौदा करावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पण ऐब दुकानदारालाच कळू नये अशी छपाई असेल तर तो काय दाखवणार? म्हणून व्यापारी बांधवांनी कच्च्या चिठ्ठीवर पिशव्या घेणे बंद करावे. पक्क्या बिलावर मालाची जात आणि जीएसएम लिहून घ्यावे, कंपोस्टेबल असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांकही. आणि बाजारपेठेच्या संघटनांनी दंडाची मागणी आधी छापणाऱ्याकडे करायला लावावी. बिल दाखवणारा दुकानदार त्यातून सुटला पाहिजे.