आदेशाची भाषा आणि आजीची भाषा

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून जवळजवळ अडीचशे वर्षे अमेरिकेच्या संघराज्याला अधिकृत भाषाच नव्हती, यावर आपल्याकडे अनेकांचा विश्वास बसणार नाही. राज्यघटना याबाबत मौन पाळते आणि काँग्रेसनेही तसा कायदा केलेला नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कार्यकारी आदेशाद्वारे इंग्रजीला हा दर्जा दिला. त्याच लेखणीने त्यांनी बिल क्लिंटन यांचा २००० सालचा आदेशही रद्द केला. इंग्रजी नीट न येणाऱ्यांना शासकीय सेवा घेताना भाषेचा अडसर होऊ नये, अशी त्या आदेशात तरतूद होती.

ही मागणी ट्रम्प यांनी जन्माला घातलेली नाही. पेनसिल्व्हेनियात जर्मन भाषकांची संख्या वाढत आहे, ही बेंजामिन फ्रँकलिन यांची तक्रार अठराव्या शतकातली. १९८१ साली इंग्रजीसाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडणारे सिनेटर एस. आय. हायाकावा तर कॅनडात जन्मलेले, जपानी आईबापांचे पुत्र आणि भाषेचे अभ्यासक होते. नाना देशांतून आलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रत्येक इंग्रजीवाद्याला वर्णद्वेष्टा ठरवून मोकळे होणे हा बुद्धीचा आळस आहे. ज्या राष्ट्राला सामाईक भाषा नाही, त्याला सामाईक सभाही भरवता येत नाही.

परंतु सामाईक भाषा असणे निराळे आणि ती दंडुक्याने बसविणे निराळे. १९१८ साली, महायुद्धाच्या ज्वरात, आयोवाच्या गव्हर्नरांनी शाळा, सार्वजनिक जागा, दूरध्वनी इतकेच नव्हे तर प्रार्थनेतही इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास बंदी केली. देवाला इंग्रजी येते, अशी त्यांची खात्री असावी! नेब्रास्कातील लहान मुलांना परकी भाषा शिकविण्यास मज्जाव करणारा कायदा अखेर १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावा लागला.

आणि या साऱ्याची सर्वाधिक किंमत मोजली ती जे स्थलांतरित नव्हतेच त्यांनी. १८७९ साली स्थापन झालेल्या कार्लाइल येथील निवासी शाळेत आदिवासी मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेचा शब्द उच्चारला तर शिक्षा होई. हवाईत १८९६ च्या कायद्याने शिक्षणाचे माध्यम इंग्रजी केले आणि तेथील भाषा दोन-तीन पिढ्यांत मरणपंथाला लागली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या रणांगणावर नावाहो सैनिकांनी आपल्या मातृभाषेच्या आधारे रचलेली सांकेतिक भाषा जपान्यांना अखेरपर्यंत उलगडली नाही. शाळेत ज्या भाषेसाठी मुलांना शिक्षा होत असे, तीच भाषा राष्ट्राच्या कामी आली. देशी भाषांच्या रक्षणाचा कायदा व्हायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

स्थलांतरितांचे म्हणावे तर नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येण्याची अट १९०६ पासूनच आहे. मालमोटारचालकाला रस्त्यावरची पाटी वाचता यावी, हा नियमही जुनाच. २०२५ साली त्याची अंमलबजावणी कडक झाली एवढेच. तिची झळ पंजाबी चालकांना लागली असली, तरी नियमात वावगे काही नाही. इंग्रजीला धोका असल्याची ओरड मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेतील मराठी घरांत डोकवावे. तिथे मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत, शनिवार-रविवारच्या मराठी शाळाही आहेत. तरीही आजीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला नातू इंग्रजीत उत्तर देतो. तो चमत्कार घडविण्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज पडली नाही.

आदेशाची झळ बसेल ती नातवाला नव्हे, त्या आजीला. पासष्टीत परदेशी गेलेल्या, शासकीय कचेरीत अर्ज पुढे करणाऱ्या, रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या वृद्धेला दुभाषा मिळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे. नव्या आदेशाने अन्य भाषांतील सेवा बंद करण्याची सक्ती केलेली नाही, निर्णय त्या त्या खात्यांवर सोडला आहे. म्हणजे तिचा हक्क खातेप्रमुखाच्या मर्जीवर आला.

शिवाय हा केवळ आदेश आहे. क्लिंटन यांचा आदेश जसा एका सहीने गेला, तसा हाही पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने पुसू शकतो. ज्यांना खरोखर निर्णय हवा असेल त्यांनी तो काँग्रेसमध्ये मांडावा आणि तेथे पोर्टो रिकोलाही उत्तर द्यावे. १८९८ साली ते बेट अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. ते कोणाच्या दारात आलेले नाहीत. अमेरिकाच त्यांच्या दारात गेली होती. त्यांची घरे, शाळा आणि न्यायालये आजही स्पॅनिशमध्येच बोलतात.