पंचविसाव्या दिवसाचा हिशेब

इंग्रजांची मुंबईची फौज १७९१ साली कोडगूचे घाट चढून पिरियापट्टणवरून म्हैसूरच्या मुलखात शिरली. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणाजवळ ती असताना कैदेतून सुटलेला एक मराठी माणूस तिच्यात येऊन दाखल झाला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं आहे. जातीनं शेतकरी, आणि काम इंग्रजी लष्कराचे बैल हाकण्याचं. त्या वृत्तान्तानुसार टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा प्रकार छापला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू या डॉक्टरने इंग्लंडात कपाळाच्या कातडीचं नाक बसवण्याची हीच भारतीय पद्धत वापरली. आपण ही हकीकत अभिमानाने सांगतो आणि ती अभिमानाचीच आहे. पण तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग आपण गाळून टाकतो. तो भाग दिवसांचा आहे.

मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करायचं, ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारून तेवढी कातडी सोडवायची, मात्र दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली राखायची, कारण रक्त तिच्यातूनच येतं. मग ती कातडी पिळून खाली आणून नाकाच्या जागी बसवायची. जोडावर काथ भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवस दुसरं काही नाही, त्यानंतर तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापायची, आणि तेव्हा नाकाला आकार यावा म्हणून थोडी काटछाट पुन्हा करायची. म्हणजे कारागिराचं काम पहिल्या दिवशी संपत नव्हतं आणि वृत्तान्त लिहिणाऱ्याने तसं भासवलंही नाही. आज चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेची जाहिरात पाहावी तर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारी लावलेले असतात. मधले दिवस कुठेच नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेत रुग्ण पैशाआधी वेळ मोजतो, आणि जो हा वेळ सांगत नाही त्याने शस्त्रक्रियाच नीट सांगितलेली नाही.

नाकाचंच घ्या. आकार बदलण्यासाठी हाड आणि कूर्चा कापून, घासून, कधी नाकाच्या पडद्याची किंवा कानाची कूर्चा लावून नवी मांडणी करतात. साधारण आठवडाभर नाकावर साचा असतो. डोळ्यांखालचा काळानिळा रंग जायला दोन आठवडे लागतात, चष्म्याचा भार काही आठवडे नाकावर टाकायचा नसतो. एवढ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी सांगतात. पण शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागू शकतं आणि कातडी जाड असेल तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे जाड कातडीची नाकं पुष्कळ, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे. तिसऱ्या महिन्यात आरशासमोर रडणाऱ्या मुलीचं नाक बिघडलेलं असेलच असं नाही, ते अजून व्हायचंच असेल. पण हे तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं. पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे टाके आठवड्याभरात निघतात, डोळ्यांचा कोरडेपणा मात्र रेंगाळतो. चेहऱ्याची सैल कातडी ओढून घेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कानापुढची बधिरता कित्येक महिने राहते, आणि पहिल्या दिवसातच कातडीखाली रक्त साचून पुन्हा टेबलावर जावं लागण्याची शक्यता असते. सावळ्या कातडीवर व्रण जाड होण्याचा आणि जागा काळी पडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा अधिक. परदेशी रुग्णांचे फोटो दाखवून इथल्या रुग्णाला आश्वस्त करणं म्हणूनच मला गैर वाटतं.

यावर डॉक्टरांकडून एक रास्त हरकत येते. सगळंच सांगत बसलं तर माणूस घाबरून गरजेची शस्त्रक्रियाही टाळेल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीचा विचार करताना ही अडचण मान्य केली आहे: उपचाराचं स्वरूप, हेतू, पर्याय आणि मोठे धोके सांगायलाच हवेत, पण अगदी दूरच्या, क्वचित घडणाऱ्या शक्यता सांगून भिववण्याची सक्ती नाही. मला ही मर्यादा पटते. मात्र सूज ही दूरची शक्यता नव्हे, ती प्रत्येकाला येते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागणं हेही नाकाच्या बाबतीत अपवादात्मक नाही. ही बाब पैशालाही भिडते, कारण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा सहसा मिळत नाही. दुरुस्तीचा खर्च पुन्हा घरातूनच.

दुसरी हरकत अशी की आता सुरी हवीच कशाला, सुईने भराव घालून अर्ध्या तासात घरी जाता येतं. इथे कावसजीच्या भुवयांमधली ती पट्टी आठवावी. तिच्यातून जाणारी जी रक्तवाहिनी त्याच्या नव्या नाकाला जगवत होती, ती डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीचीच फांदी आहे. नाकात किंवा भुवयांमध्ये टोचलेला भराव चुकून अशा वाहिनीत गेला तर उलटा सरकून डोळ्यापर्यंत पोहोचतो. नजर जाते, आणि ती परत येणं फार दुर्मीळ. हे क्वचित घडतं, पण घडतं, आणि सर्वांत धोक्याच्या जागा नेमक्या याच. हायल्युरॉनिक आम्लाचा भराव विरघळवणारं औषध हाताशी न ठेवता पार्लरच्या मागच्या खोलीत सुई टोचणाऱ्याला 'साधा उपचार' हे शब्द वापरू देता कामा नयेत.

कावसजीचं नाक गरजेचं होतं आणि आजची ही हौस आहे, अशी तुलना करून मोडीत काढणारेही भेटतात. मला हा भेद शस्त्रक्रियेच्या टेबलावर टिकताना दिसत नाही. कातडीला कारण कळत नाही, ती दोन्ही वेळा तितकीच सुजते. नाकावरून वर्गात चिडवली गेलेली मुलगी आपला चेहरा बदलू पाहते, तर तिला लाजवून काही साधत नाही. तिला दिवस मोजून द्यावेत, आणि समोरची व्यक्ती प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा तशी मान्य पदवी असलेली आहे का, हे विचारायला शिकवावं.

हे दिवस आपल्या पिरियापट्टणच्या रुग्णाला प्रवासातही मोजावे लागतात; शस्त्रक्रियेसाठी म्हैसूरला जायचं तर ते इथून सुमारे ७० किलोमीटर. साचा काढायला, टाके काढायला, सूज पाहायला हीच वाट पुन्हा पुन्हा करावी लागणार, हे तारीख ठरवतानाच बोलायला हवं. आणि या तालुक्यासाठी आणखी एक. हुणसूर-पिरियापट्टणचा पट्टा व्हर्जिनिया तंबाखूचा. निकोटीनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ओढून बसवलेली कातडी कडेला काळी पडून मरू शकते, म्हणून आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे तंबाखू बंद ठेवायला सांगतात. अर्जावरच्या 'धूम्रपान करता का?' या प्रश्नाला इथली बाई खरेपणाने 'नाही' म्हणेल. पण ओली पानं खुडताना निकोटीन हाताच्या कातडीतूनही अंगात जातं. म्हणून तिला विचारायला हवं की खुडणी कधी आहे, आणि ते शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, त्याच्या महिनाभर आधी.