अनुभवाचा दाखला कोणाच्या बापाचा?

दोस्तहो, निविदा म्हटलं की आपली पोरं तोंड फिरवतात. ते ठेकेदाराचं काम, आपल्याला काय त्याचं? अरे, तुझी माय उद्या पहाटे कोणती नाली उपसणार, किती रुपयांत उपसणार, हातमोजे मिळणार का नाही, हे सगळं निविदेत ठरतं. पूर्वी गावकीत ठरायचं. आता दोन लिफाफ्यांत ठरतं. पहिला तांत्रिक, दुसरा दराचा. पहिल्यात तू कोण ते बघतात. तिथं पास झालास तर दुसरा उघडतात.

पहिल्यात काय मागतात? बयाणा रक्कम, बँकेचा ऐपतीचा दाखला, सीएच्या सहीची उलाढाल आणि अनुभव. अनुभवाचं माप केंद्रीय दक्षता आयोगानं २००२ साली बांधकामांसाठी घालून दिलं: मागच्या सात वर्षांत तसलीच कामं, अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन, नाहीतर ५० ची दोन, नाहीतर ८० ची एक. झाडूच्या निविदेतही असली मापं घुसली आहेत. वीस वर्षं झाडू मारणाऱ्या बाईकडं अनुभव नाही. ज्या साल्यानं झाडू हातात धरला नाही त्याच्याकडं आहे, कारण तिची वीस वर्षं त्याच्या नावावर जमा आहेत.

मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिक आहे, कविता करतो, म्हणून अकोल्याकडच्या आमच्या बायांनी मला बोलावून घेतलं. त्यांची मजूर संस्था, गावात सफाईची निविदा निघालेली. कचेरीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या बायांचीच हजेरी बंद. अमरावतीत एक सल्लागार गाठला. दोन दिवस त्याच्या संगणकापुढं बसलो. 'कार्यपद्धती' माझ्याकडं आली. बायांना विचारून विचारून लिहिली. पहिल्या पावसात कोणती नाली तुंबते, कचरागाडी कोणत्या बोळीत वळत नाही, मटनाच्या दुकानांमागचा ढीग किती वाजता उचलला तर कुत्री फोडत नाहीत. सल्लागार म्हणाला, "हे काढून टाका, कोणी वाचत नाही." त्याच्याकडं तयार मजकूर होता. गावाचं नाव बदललं की निविदा तयार. एका जागी मागच्या गावाचं नाव तसंच राहिलं होतं, ते मीच दाखवलं.

मग दर. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, आठवड्याची सुट्टी, साबण, गमबूट धरून मी आकडा मांडला. तो हसला. एवढ्यात बसणार नाही, दुसरे खाली जातील. खाली म्हणजे कुठं? डिझेल स्वस्त होत नाही, साबण स्वस्त होत नाही. खाली जायला एकच जागा असते, बाईची मजुरी. आत्या म्हणाली, "बाबू, म्हंजे आमचंच काटून आमालेच देईन का तो?" विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी हे वाक्य फळ्यावर लिहावं.

आम्ही पहिल्याच लिफाफ्यात बाद. कारण: अनुभव नाही.

आणि याच विदर्भात २००९ साली पाटबंधारे विकास महामंडळानं ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली. काही महिन्यांत २० हजार कोटी! तिथं आधी मंजुरी, मागून चौकशी. बाईच्या साबणाचा हिशेब मात्र आधीच जड होतो. मजूर संस्थांचं तरी काय सांगावं? २०२२ च्या जानेवारीत सहकार खात्यानं विधान परिषदेच्या तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्याला 'मजूर' म्हणून अपात्र ठरवलं. मजूर म्हणे! या, गोदीत एक पाळी करा.

चळवळीतले काही मित्र म्हणतील, ठेका हीच शिवी, तिच्यात वाटा कसला मागता? कायम नोकरी ही पहिली मागणी, कबूल. मुंबईच्या २,७०० सफाई कामगारांना २०१७ साली सुप्रीम कोर्टात ती मिळाली. पण तोवर आमच्या बायांनी कोणाच्या नावावर राबायचं? बाबासाहेबांनी परदेशातून आल्यावर शेअरबाजाराचा सल्ला द्यायची कचेरी काढली होती. जात कळली तशी गिऱ्हाईकं बंद झाली. त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात केंद्रीय बांधकाम खात्याच्या ठेक्यांचा प्रश्न मांडला. त्यांना ठेका ही शिवी वाटली नाही. कर्नाटकानं ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांसाठी राखीव वाटा कायद्यात घातला, पुढं ती मर्यादा वाढवली. फुले-आंबेडकरांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला कोणी अडवलंय?

पुढची निविदा निघेल. निविदापूर्व बैठकीत आम्ही दोन प्रश्न लेखी देणार. हजेरीपटावरची वीस वर्षं अनुभवात का धरत नाही? आणि किमान वेतनाच्या खाली जाणारा दर उघडताक्षणी बाद का करत नाही? बायांनी जुनी ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या आहेत. काही उंदरांनी खाल्ल्या, काही मुकादमानं कधी दिल्याच नाहीत. अकोला-अमरावतीत ज्या पोट्ट्यांना संगणक येतो, डिजिटल सही कशी लावतात ते कळतं, त्यांनी यावं. दोन टक्के मिळणार नाहीत. चहा मिळेल.